बपेऱ्याच्या पुरात सैन्य कसं येतं आणि परत कसं जातं

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरहून सिहोऱ्यामार्गे निघालेला रस्ता बपेऱ्याला पोचतो आणि तिथे महाराष्ट्र संपतो. पुढे नदी, नदीपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. बावनथडी आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या या पट्ट्यात धान चांगला पिकतो, आणि पाणी वाढलं की त्याच बांध्यांवरून ते गावाच्या अंगावर येतं.

2020 च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला मोठा पूर आला. वर सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले गेले होते, पाऊस थांबत नव्हता आणि भंडारा शहरातही पाणी शिरलं. अशा प्रत्येक पुरात छतावर बसलेल्या माणसाच्या तोंडी एक प्रश्न हमखास येतो : “मिलिटरी अजून का नाही आली?”

हा प्रश्न रागाचा असला तरी रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. सैन्य कोणाच्या हाताखाली असतं, त्याला कोण बोलावतं, निरोप कुठे अडकतो, आल्यावर ते काय करतं आणि काम संपल्यावर का थांबत नाही, हे आपण एकेक पायरी घेऊन पाहू.

सुरुवात युद्धापासून करावी लागेल, कारण सैन्य उभं केलेलं असतं ते युद्धासाठी. बाहेरच्या शत्रूपासून देश राखणं हे त्याचं पहिलं काम. बाकी सगळी कामं त्यानंतर येतात.

आपल्या राज्यघटनेच्या 53 व्या कलमानुसार सशस्त्र दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. प्रत्यक्ष निर्णय पंतप्रधान आणि निवडक मंत्र्यांची सुरक्षाविषयक समिती घेते, संरक्षण मंत्रालय तो पुढे नेतं आणि मग तो लष्करप्रमुखांकडे येतो. म्हणजे युद्ध करायचं की नाही हे निवडून आलेली माणसं ठरवतात. कसं लढायचं हे सेनाधिकारी ठरवतात. आपल्या शेजारच्या काही देशांत ही ओळ उलटी झाली आणि तिथल्या लोकांनी त्याची किंमत मोजली. आपल्याकडे ती सरळ राहिली, याचं मला मनापासून मोल वाटतं.

लष्करप्रमुखांच्या खाली कमांड असतात. कमांड म्हणजे देशाच्या एका मोठ्या भागाची लष्करी जबाबदारी. महाराष्ट्र दक्षिण कमांडमध्ये येतो आणि तिचं मुख्यालय पुण्याला आहे. आपल्याला जवळचा लष्करी तळ नागपूरजवळच्या कामठीचा. इंग्रजांच्या काळातली ही जुनी छावणी. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पलटणीचं प्रशिक्षण केंद्र आहे.

आणखी खाली उतरलं की बटालियन येते, साधारण आठशे जवानांची. बटालियनच्या कंपन्या, कंपनीच्या प्लाटून आणि प्लाटूनच्या सेक्शन. सेक्शन म्हणजे दहाच्या आसपास माणसं आणि त्यांचा एक हवालदार किंवा नायक. ही छोटी तुकडी लक्षात ठेवा. लढाईत ती एखादा मोर्चा धरते, आणि पुरात आपल्या दारापाशी येते ती होडीसुद्धा तिच्याच हातात असते.

सैन्याकडे होड्या असतात तरी कशाला, असं आपल्याला वाटेल. त्या पुरासाठी घेतलेल्या नसतात. लढाईत नदी हा मोठा अडसर असतो. माघार घेणारं सैन्य पूल उडवून जातं आणि मागून येणाऱ्याला पाणी ओलांडावंच लागतं. 1971 च्या डिसेंबरमध्ये पूर्व पाकिस्तानात मेघना नदीवरचा भैरवचा पूल असाच उडवलेला होता. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांनी 9 डिसेंबरपासून हेलिकॉप्टरनी जवान पलीकडे उतरवले, आणि बरेचसे तिथल्या गावकऱ्यांच्या होड्यांतूनही नदी ओलांडून गेले.

पूल बांधणं, होड्या चालवणं, सुरुंग काढणं, रस्ता मोकळा करणं ही कामं इंजिनिअर पलटणी करतात. या जवानांना सॅपर म्हणतात. पुण्याजवळ खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. मेजर राम राघोबा राणे याच पलटणीचे, कारवारजवळच्या चेंडियाचे. 1948 च्या एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर सुरुंग आणि तोडलेली झाडं यांमुळे आपले रणगाडे अडले होते. राणे तेव्हा सेकंड लेफ्टनंट होते. जखमी असूनही ते सतत रस्ता मोकळा करत राहिले. एका ठिकाणी तर रणगाड्याखाली सरपटत, दोरीच्या खुणांनी चालकाला वाट दाखवत ते पुढे गेले. त्यांना परमवीर चक्र मिळालं.

हे इथे सांगण्याचं कारण असं की गोळीबाराखाली रस्ता मोकळा करणारा हात पडलेल्या झाडाखालचा आपला रस्ताही मोकळा करू शकतो. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं. त्याआधी जवानांनी खचणाऱ्या बांधावर वाळूची पोती रचून धरण शक्य तितकं टिकवलं होतं. धरण वाचलं नाही, पण ते मध्यरात्री न फुटता सकाळी फुटलं आणि पुण्यातल्या कितीतरी माणसांना डोळ्यांनी पाहून पळता आलं. त्या काही तासांची किंमत पूरग्रस्त गावाला वेगळी सांगावी लागत नाही.

आता कायद्याची एक बाब, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. पोलीस हे राज्याचे. सैन्य हे केंद्राचं. घटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या केंद्रसूचीत, राज्यांच्या मदतीला सशस्त्र दलं पाठवण्याचा विषय 2अ या नोंदीखाली वेगळा लिहिलेला आहे. 42 व्या घटनादुरुस्तीने तो घातला गेला.

म्हणून जिल्हाधिकारी पोलिसांना सांगू शकतात तसं सैन्याला सांगू शकत नाहीत. ते मागणी करतात. सैन्य ती मान्य करतं आणि काम आपल्या अधिकाऱ्याच्या हुकमाखाली करतं. या सगळ्याला सरकारी भाषेत नागरी प्रशासनाला साहाय्य म्हणतात आणि त्याच्या सूचना 1970 पासून लिहिलेल्या आहेत. त्यात चार प्रकार येतात : कायदा-सुव्यवस्था, पाणी-वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा, नैसर्गिक आपत्ती, आणि इतर मदत.

आता बपेऱ्यात प्रत्यक्ष काय होतं ते पाहू. समजा ऑगस्टची रात्र आहे. वर धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला आहे आणि नदी बांध्यांत शिरू लागली आहे.

पहिली पायरी गावातच असते. कोतवाल, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक आणि सरपंच यांच्यापैकी कोणीतरी तुमसरच्या तहसील कार्यालयाला कळवतं. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे. कुठूनही मदतीसाठी 112 आहे. हे दोन आकडे घराच्या दाराआड खडूने लिहून ठेवावेत. रात्री वीज गेलेली, मोबाइलची बॅटरी संपत आलेली, अशा वेळी ते आठवत नाहीत.

या पायरीवर नेहमी होणारी चूक म्हणजे मोघम निरोप. “गावात पाणी आलं, लवकर या” एवढं सांगून फोन ठेवला जातो. ऐकणाऱ्याला किती माणसं, कोणत्या टोल्यावर, पाणी गुडघ्याएवढं की छातीएवढं, धार आहे की साचलेलं, यातलं काही कळत नाही. आमच्या तालुक्यात टोला, टोली लागलेल्या वस्त्या भरपूर आहेत आणि नावं एकमेकांसारखी आहेत. नावाबरोबर ग्रामपंचायतीचं नाव आणि जवळचं देऊळ किंवा शाळा सांगितली तर अर्धा तास वाचतो.

दुसरी चूक याच्या उलट. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणत्या तरी दुसऱ्याच पुराचा व्हिडिओ फिरतो, एकाच घराबद्दल वीस जण फोन करतात आणि नियंत्रण कक्षाला वीस घरं बुडाल्यासारखं वाटतं. एका वस्तीमागे एकाच माणसाने बोलायचं असं आधी ठरवून ठेवा.

तहसीलदार ही माहिती भंडाऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतात. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण, म्हणजे अधिकार असलेली समिती नेमली आहे आणि जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. कोणाला कुठे पाठवायचं हे इथे ठरतं.

पहिली धाव जिल्ह्यातल्या बचाव पथकाची, पोलिसांची आणि गावातल्याच डोंगेवाल्यांची. मग राज्य आपत्ती प्रतिसाद दल येतं. त्याचं एक केंद्र नागपूरला आणि दुसरं धुळ्याला आहे. त्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल. त्याची महाराष्ट्राची बटालियन पुण्याजवळ आहे आणि गरजेप्रमाणे तिची पथकं पुढे पाठवली जातात.

नारिंगी कपडे आणि हेल्मेट घातलेले हे जवान बघितले की आपण म्हणतो, मिलिटरी आली. ती मिलिटरी नसते. राष्ट्रीय आपत्ती दलात सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, भारत-तिबेट सीमा पोलीस अशा दलांतून आलेली माणसं असतात आणि ते दल गृह मंत्रालयाखाली येतं. पूर, भूकंप, दरड हेच त्यांचं रोजचं काम आहे आणि त्याचाच त्यांना सराव असतो. ते आले असताना “हे नकोत, मिलिटरी पाठवा” म्हणणं म्हणजे दारात आलेल्या सुतारापुढे लोहाराची वाट बघणं.

सैन्याला बोलावण्याची वेळ येते ती ही पथकं अपुरी पडतात तेव्हा. वस्त्या खूप, होड्या कमी, किंवा रस्ताच तुटलेला. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी वस्त्यांत शिरली, तेव्हा राज्य आणि राष्ट्रीय पथकांबरोबर सैन्याच्या तुकड्याही उतरवल्या गेल्या. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात तर सैन्याबरोबर नौदल आणि तटरक्षक दलही होतं.

आता मागणीपत्र. मला वाटतं साऱ्या साखळीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. जिल्हाधिकारी जवळच्या लष्करी तळाच्या प्रमुखाला लेखी मागणी करतात. जीव धोक्यात असेल तर आधी फोनवर बोलून तुकडी निघू शकते. स्थानिक सेनाधिकाऱ्याला तेवढा अधिकार असतो, तो वरती कळवतो आणि कागद मागून येतो. म्हणजे “दिल्लीचा हुकूम आल्याशिवाय सैन्य हलत नाही” हे पुराच्या बाबतीत खरं नाही.

मागणीपत्रात काम लिहायचं असतं, जवानांचा आकडा नव्हे. “पन्नास जवान पाठवा” या वाक्याने सेनाधिकाऱ्याला काहीच कळत नाही. “अमुक वस्तीवर अंदाजे इतकी माणसं अडकली आहेत, त्यात आजारी इतके, ट्रक अमुक शाळेपर्यंत येतो, तिथून पाणी इतकं लांब आहे, धार जोरात आहे” असं लिहिलं की किती होड्या, किती माणसं, डॉक्टर लागेल का, हे तो स्वतः ठरवतो. आणि तुकडीला वाटेत कोण भेटेल, त्याचं नाव आणि फोन पत्रात हवाच.

पत्र उशिरा लिहिलं जाणं हा आणखी एक नेहमीचा दोष. आणखी तासभर बघू, पाणी उतरेल, असं म्हणत म्हणत अंधार पडतो. रात्री अनोळखी पाण्यात होडी घालणं दिवसापेक्षा कितीतरी पटीने धोक्याचं. मागणी आधी करून गरज पडली नाही तर तुकडी थांबवता येते. उलट करता येत नाही.

कामठीहून बपेरा साधारण शंभर किलोमीटर. तुकडी हुकूम मिळताच निघाली तरी होड्या, इंजिनं, इंधन, दोर, जीवरक्षक जाकिटं, स्वतःचं जेवण आणि पाणी हे सगळं ट्रकवर चढवायला वेळ लागतो. सैन्य गावाच्या शिध्यावर अवलंबून राहत नाही. ते सगळं बरोबर आणतं, म्हणूनच ते कुठेही टिकतं.

मग वाट निवडायची. रामटेकवरून यायचं की भंडाऱ्यावरून? उत्तर नकाशावर नसतं. कोणत्या नाल्यावरून पाणी वाहतं आहे आणि कोणता रपटा वजनदार ट्रक पेलेल, हे बांधकाम विभागाला आणि रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला माहीत असतं. तुमसरला तुकडीला भेटणारा माणूस हा स्थानिक, रस्ते पाहिलेला हवा. त्या रात्री नुसत्या हुद्द्याच्या माणसाचा फारसा उपयोग होत नाही.

बपेऱ्याची एक अडचण आणखी आहे, ती सीमेची. पलीकडचा काठ मध्य प्रदेशाचा. तिथले जिल्हाधिकारी बालाघाटचे, आणि तिथला मोठा लष्करी तळ जबलपूरचा, जो लखनौच्या मध्य कमांडखाली येतो. म्हणजे एका नदीचे दोन काठ दोन राज्यांत, दोन जिल्ह्यांत आणि सैन्याच्याही दोन कमांडमध्ये. आपला माणूस पलीकडच्या काठावर अडकला असेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे दोन्ही जिल्हाधिकारी आपसात बोलतील. नाहीतर दोन्हीकडे “ते तिकडचं आहे” असं समजून मध्ये एक वस्ती राहून जाते.

तुकडी काठावर आली की लगेच पाण्यात शिरत नाही. काठावरच्या माणसांना हा उशीर सहन होत नाही आणि आरडाओरडा होतो. पण त्या दहा-पंधरा मिनिटांत अधिकारी पाण्याची धार, होडी उतरवण्याची जागा, परत येण्याची जागा आणि विजेच्या तारा पाहत असतो. महावितरणने त्या भागाचा प्रवाह बंद केला आहे याची खात्री तो करून घेतो. पाणी चढलं की तार होडीतल्या माणसाच्या डोक्याएवढी खाली येते, हे आपल्या लक्षात येत नाही.

इथे गावाचा खरा उपयोग होतो. कुंपणाची काटेरी तार कुठे बुडाली आहे, विहीर कुठे आहे, मासेमारीची जाळी कुठे लावलेली होती, हे नकाशात सापडत नाही. इंजिनाच्या पंख्यात तार किंवा जाळं अडकलं की होडी धारेत आडवी होते. ढिवर समाजातला जाणता डोंगेवाला पहिल्या होडीत बसवला तर हे टळतं. मेघनेवर सैन्याने गावकऱ्यांच्या होड्या घेतल्या होत्या. वैनगंगेवर गावकऱ्याचं ज्ञान घ्यायला काहीच हरकत नाही.

होडीत किती बसायचं हे होडीवरचा जवान सांगेल आणि ते ऐकायचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी होडी उलटली आणि बरीच माणसं बुडाली. ती सैन्याची होडी नव्हती, गावातली होती, आणि तिच्यात पेलवतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. आपली माणसं मागे राहतील ही भीती किती मोठी असते हे मी समजू शकतो. पण सैन्याची होडी परत येते. तिच्या पुढच्या फेरीवर विश्वास ठेवा.

पहिल्या फेरीला गरोदर बाया, आजारी, लहान लेकरं आणि म्हातारी माणसं. सामान नाही. धानाचं पोतं, पेटी, टीव्ही यांवरून घरोघर वाद होतात आणि त्यात फेऱ्या वाया जातात. सातबारा, आधार, बँकेचं पुस्तक, रोजची औषधं एका प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यात बांधा, तेवढं पुरे. गुरांची दावी मात्र पाणी दाराशी येण्याआधीच सोडा. सोडलेलं जनावर उंचवटा शोधतं. बांधलेलं जागीच बुडतं, आणि त्याच्यासाठी मागे राहिलेला माणूसही कधीकधी त्याच्याबरोबर जातो.

हेलिकॉप्टर ही अगदी शेवटची गोष्ट. ते वायुदलाकडून राज्य सरकारमार्फत मागवावं लागतं, ढग खाली असले तर उडता येत नाही, आणि त्याच्या पंख्याच्या वाऱ्याने कौलं आणि पत्रे उडतात. छतावरून हात हलवायचे तर आधी सुटे पत्रे खाली पाडा.

आता थोडं पुराबाहेर जाऊ, कारण सैन्य फक्त पुरात बोलावलं जात नाही. दंगल काबूत येत नसेल तर जिल्हादंडाधिकारी सैन्याची मदत मागू शकतात. हा नियम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 130 व्या कलमात होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 149 व्या कलमात आहे. जमाव पांगवायचा आदेश नागरी दंडाधिकारी देतात. तो कसा पांगवायचा हे सेनाधिकारी ठरवतो, पण कमीत कमी बळ वापरूनच, आणि माणसांना व मालमत्तेला कमीत कमी इजा करून. हे शब्द कायद्यातच आहेत. शत्रूवर चालून जायला शिकवलेल्या माणसाला आपल्याच माणसांपुढे उभं करताना कायद्याने हा लगाम घातला आहे.

पूल, रस्ते अशा कामांनाही सैन्याला बोलावतात. मुंबईत 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, आणि नवा पूल सैन्याच्या इंजिनिअरांनी उभारला. 2018 च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. लोकांना दिलासा मिळाला आणि काम उत्तम झालं. तरीही मला ते पटत नाही. जो पूल रेल्वेने आणि पालिकेने वेळेत बांधायला हवा त्यासाठी सॅपर बोलवावा लागणं हे नागरी यंत्रणेच्या हातातलं बळ गेल्याचं लक्षण आहे. आणि सैन्य जितके दिवस इथे गुंततं तितके दिवस त्याचा सराव थांबतो. पुरात बोलावणं वेगळं. तिथे जीव धोक्यात असतो आणि वेळ नसतो.

सैन्य आणि नागरिक यांच्या या देवाणघेवाणीत आपला जिल्हा नुसता घेणारा नाही. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत दारूगोळ्यासाठी लागणारी स्फोटकं तयार होतात. 24 जानेवारी 2025 ला तिथे स्फोट होऊन कामगार गेले. त्यांच्या अंगावर सैन्याचा गणवेश नव्हता, पण सीमेवरच्या तोफेमागे तेही उभे होते. आणि पहाटे रस्त्याने पळणारी पोरं आपण रोज पाहतो. त्यांची भरती नागपूरच्या सैन्य भरती कार्यालयामार्फत होते. 2022 पासून ती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी असते आणि चौघांपैकी साधारण एकालाच पुढे कायम केलं जातं.

म्हणजे यापुढे गावात चार वर्षांची शिस्त आणि दोर, होडी, प्रथमोपचार यांची सवय घेऊन परतलेले तरुण जास्त असतील. जुने माजी सैनिक आहेतच. पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीने त्यांची आणि चांगल्या पोहणाऱ्यांची यादी करावी. एक लांब दोर, दोन-तीन टॉर्च, ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूब आणि एक भोंगा शाळेत ठेवावा. कामठीची तुकडी कितीही लवकर निघाली तरी मधले तीन-चार तास गावाचेच असतात, आणि त्या तासांत ही यादी कामाला येते.

शेवटची पायरी परत जाण्याची. पाणी उतरलं, अडकलेलं कोणी उरलं नाही, की जिल्हाधिकारी सैन्याला मोकळं करण्याचं पत्र देतात. बोलावण्याला पत्र लागतं तसं सोडण्यालाही लागतं. इथे गाव पुन्हा नाराज होतं : अजून चिखल आहे, घरं पडली आहेत, हे चालले कुठे? पण सैन्य शेवटी बोलवायचं आणि शक्य तितक्या लवकर मोकळं करायचं हाच यातला नियम आहे. गाळ काढणं नगरपालिकेचं आणि ग्रामपंचायतीचं काम, आजार रोखणं आरोग्य विभागाचं, पडझडीचा पंचनामा तलाठ्याचा.

या मदतीचा खर्च नियमाप्रमाणे राज्याकडून वसूल करता येतो आणि त्याचा हिशेब दोन सरकारांमध्ये होतो. आपल्याकडे कोणी पैसे मागितले तर ते देऊ नका आणि लगेच तहसीलदारांना कळवा.

पंचनाम्यासाठी तलाठी येईपर्यंत पडलेली भिंत उचलू नका, फोटो काढून ठेवा, भिजलेल्या धानाचे सुद्धा. तिकडे काठावर जवान होड्या धुऊन ट्रकवर चढवत असतात. हवालदार जाकिटं मोजतो, दोर मोजतो, मग माणसं मोजतो. आकडा जुळला की ट्रक सिहोऱ्याच्या दिशेने निघतात.